परिचारिकेच्या कामाचे मोजमाप : खाटांपासून मिनिटांपर्यंत

रायपूरहून धमतरीकडे जाताना वाटेत अभनपूर लागते. महाराष्ट्रात ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो, त्याला छत्तीसगडात सामुदायिक स्वास्थ्य केंद्र म्हणतात. ३० खाटा हे अशा केंद्राचे शासकीय प्रमाण. समजा, अशा केंद्रातून एखाद्या अडलेल्या बाळंतिणीला रायपूरला हलवायचे आहे. परिचारिका रुग्णवाहिका बोलावते, कागदपत्रे तयार करते, मोठ्या रुग्णालयाला कळवते, घाबरलेल्या नातलगांना धीर देते. दीड तासाने खाट रिकामी होते आणि नोंदवहीत एक रुग्ण कमी दिसतो. त्या दीड तासाची मोजदाद कुठे होते?

आपल्याकडे हा हिशेब प्रथम लोकसंख्येवरून मांडला गेला. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये दाखवून दिले, की ४३,००० लोकांमागे एकच परिचारिका आहे. ध्येय ठेवले ५०० मागे एक. देशाच्या नियोजनाला हे प्रमाण उपयोगी होते. मात्र एका पाळीत किती काम पडते, हे त्यातून कळत नव्हते.

१९७४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील प्रत्येक उपचाराला गुण देणारी ‘टिस’ पद्धत मांडली. तिच्या १९९६ च्या संक्षिप्त आवृत्तीत एक गुण म्हणजे परिचारिकेच्या पाळीतील १०.६ मिनिटे, असे गणित बसले. तरीही उपचाराबाहेरचे काम निसटतच होते. २००३ मध्ये मिरांडा आणि सहकाऱ्यांनी १५ देशांतील ९९ अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीने परिचारिकांच्या वेळेपैकी ४३ टक्क्यांचाच उलगडा होत होता. रुग्णावरील देखरेख, नातलगांना आधार, कार्यालयीन कामे यांची भर घालताच तो ८१ टक्क्यांवर गेला.

याच समन्वयाच्या कामाला अमेरिकेत स्वतंत्र पद मिळाले होते. १९८३ मध्ये मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देण्याचे धोरण स्वीकारले. रुग्ण वेळेत घरी पोहोचवणे हा रुग्णालयाच्या जमाखर्चाचा प्रश्न बनला आणि रुग्णाचा संपूर्ण प्रवास सांभाळणारी परिचारिका, म्हणजे ‘केस मॅनेजर’, पुढे आली. तिचा भार केवळ रुग्णसंख्येवर ठरवला, तर मुले जवळ असलेला रुग्ण आणि निराधार वृद्ध सारखेच ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०१० मध्ये सुधारलेली ‘विस्न’ पद्धत वेगळा मार्ग घेते. प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि त्याची वार्षिक संख्या यांचा गुणाकार करायचा. त्याला रजा-सुट्ट्या वगळून उरलेल्या तासांनी भागायचे. समजा, एका केंद्रातून वर्षाला ३०० रुग्ण पुढे पाठवले जातात आणि प्रत्येकामागे दीड तास जातो. एकूण ४५० तास झाले. परिचारिकेचे वर्षाचे प्रत्यक्ष कामाचे तास १,८०० धरले, तर हे पाव पद होते. ही कामे नोंदवहीत आली नाहीत, तर पद मंजूर करणाऱ्याला ते पाव पद दिसणारच नाही. काम मात्र कोणीतरी रोज करतच राहील.