काडतुसाचें माप कोणाच्या हातीं ?



नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव आज पाण्याच्या हिशोबासाठीं सर्वत्र ओळखलें जातें. पाऊस किती पडला, त्यांतून पाणी किती हातीं राहिलें, आणि त्यावर यंदा कोणतें पीक घ्यावें, याचा ताळेबंद गांवकरी एकत्र बसून मांडतात. अशा गांवाच्या नांवानें आरंभ करून मी आज बंदुकीच्या काडतुसाविषयीं बोलणार आहें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषयहि मापाचाच आहे. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घरच्या घरीं पुन्हां भरण्याचें एक मेज पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, अनेक घरांतून मांडलेलें आढळतें. तें मेज तिकडे कसें उभें राहिलें आणि आपल्याकडे कां राहिलें नाहीं, हें पाहूं गेलें असतां एकच प्रश्न पुन्हां पुन्हां पुढें येतो : दारूचें माप कोणाच्या हातीं होतें ?

हिवरे बाजारापासून पांचसहा कोसांवर नगरचें शहर व तेथील किल्ला आहे. निजामशाहीच्या या राजधानींत १५४९ सालीं महंमद बिन हुसेन रूमी यानें मुलूखमैदान ही प्रचंड तोफ ओतली. पुढें ती परांड्यास व तेथून विजापुरास गेली. परंतु तोफ कितीहि मोठी असली तरी तिच्या पोटांत घालावयाचें संपलें कीं ती नुसती धातूची लाट होते. १५९५-९६ च्या वेढ्यांत मोगलांनीं तट फोडला असतां चांदबिबीनें रातोरात खिंडार बुजविलें, हा इतिहास आहे. गोळे संपल्यावर तिनें तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं आणि शेवटीं रत्नें तोफांत भरून डागलीं, ही आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतलें दुखणें खरें आहे. ज्याच्यापाशीं भरावयाचें साधन नाहीं, त्याचें हत्यार दोन घटकांचें असतें.

ठासणीच्या बंदुकीच्या काळांत हें साधन बंदुकची स्वतःच बाळगीत असे. कमरेला दारूचें शिंग, हातांत एक लहानसें माप, थैलींत शिसाच्या गोळ्या आणि बंदुकीच्या नळीखालीं अडकविलेला गज, एवढा त्याचा संसार. गोळ्या ओतण्याचा साचा जवळ असला आणि चूल पेटलेली असली म्हणजे शिसें वितळवून रात्रींत दुसऱ्या दिवसाची बेगमी होई. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन जिनसांची दारू कुटणारे कारागीर गांवोगांवच्या पेठांतून असत. राज्याचे मोठे कारखाने निराळे. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दींत १७६५-६६ च्या सुमारास आंबेगव्हाण येथें तोफांचे गोळे ओतण्याचा कारखाना निघाला. परंतु साध्या बंदुकीपुरतें बोलावयाचें तर प्रत्येक बंदुकची हाच आपला कारखाना होता. दर बारास बंदूक नव्यानें भरावी लागे. माप त्याच्या स्वतःच्या हातीं होतें, आणि मापांत चूक झाली तर तिची शिक्षाहि त्याच्याच हाताला व डोळ्याला मिळे.

त्यानंतर कागदाचें काडतूस आलें. काडतूस हा शब्दच मुळीं आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आलेला आहे. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुडींत बांधलेली असे. शिपायानें ती दांतांनीं फाडावयाची, दारू नळींत ओतावयाची आणि गोळी ठासावयाची. यानें वेळ वांचला, पण माप शिपायाच्या हातून गेलें. १८५७ सालीं एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून जो भडका उडाला, त्याचीं कारणें अनेक होतीं. धर्म बुडण्याची भीति त्यांत मोठी होती. पण या भीतीच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे. आपण स्वतः न बांधलेली वस्तु दांतांखालीं धरावयाची, आणि तिच्यांत काय आहे हें दुसऱ्याच्या शब्दावर मानावयाचें, अशी पाळी शिपायावर आली होती. माप दुसऱ्याकडे गेलें कीं विश्वासहि त्याच्याकडे मागावा लागतो, आणि तो विश्वास तेव्हां उरलेला नव्हता.

कागदाची पुडी जळून जाई. धातूची पुंगळी मात्र बार झाल्यावरहि शिल्लक राहते. घरच्या मेजाचा इतिहास या शिल्लकेंतून सुरू होतो. १८६६ सालीं वूलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेंतील कर्नल हायरम बर्डन या दोघांनीं पुंगळीच्या बुडाशीं बसणाऱ्या टोपीच्या दोन निरनिराळ्या रचना पुढें आणल्या. टोपीवर घाव बसतांच आंतील स्फोटक द्रव्य ज्या ऐरणीवर चेंगरतें, ती ऐरण बॉक्सरनें टोपींतच ठेवली. बर्डननें ती पुंगळीच्या अंगांतच घडविली. पहिल्या रचनेंत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोंक असतें, त्यांतून सळई घालून जुनी टोपी सहज पाडतां येते. दुसरींत दोन बारीक भोंकें बाजूला असतात आणि मध्यें ऐरण आड येते. गंमत अशी कीं, इंग्रज बॉक्सरची रचना पुढें अमेरिकेंत रूढ झाली आणि अमेरिकन बर्डनची युरोपांत. अमेरिकेंत घरोघर काडतुसें भरलीं जाऊं लागलीं, यांत या उलटापालटीचा वांटा मोठा आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलुखांत दुकान दूर, काडतूस महाग आणि शिकार रोजची. तेथील शिकारी पितळेच्या पुंगळ्या जपून ठेवीत व मुक्कामावर पुन्हां भरीत. १८८४ च्या सुमारास जॉन बार्लो यानें न्यू हेवन येथें आयडियल नांवाचा कारखाना काढून यासाठीं एक हातांतलें अवजार विकावयास आणलें. तें आपल्या अडकित्त्यासारखें दिसतें. दोन दांड्या दाबल्या कीं टोपी बसते, गोळी बसते. अडकित्त्याच्या जागीं पुढें मेजाला बोल्टांनीं घट्ट आवळलेलें दाबयंत्र आलें. त्याच्या शेजारीं तराजू आला. या तराजूचें माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या सुमारें निम्मा. सोनाराच्या पेढीवर जें अवधान लागतें, तेंच येथें लागतें.

मेजावरील कामाचा क्रम ठरलेला असतो. पुंगळी पुसून तपासावयाची. चिरलेली टाकून द्यावयाची. बार झाल्यानें फुगलेली पुंगळी साच्यांत दाबून मूळ आकारावर आणावयाची, जुनी टोपी पाडावयाची, नवी बसवावयाची, मग दारू आणि शेवटीं गोळी. मेज जड व न हलणारें हवें, उजेड चांगला हवा, आणि मेजावर एका वेळीं एकाच प्रकारची दारू हवी. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूर न करणारी दारू सिद्ध केल्यापासून हा शेवटचा नियम जिवाचा झाला. जुन्या काळ्या दारूनें पुंगळी जवळजवळ भरून जाई, त्यामुळें दोनदां भरण्याची चूक डोळ्यांना तात्काळ दिसे. नवी दारू थोडीशीच पुरते. दुप्पट पडली तरी पुंगळींत मावूं शकते, आणि मग बंदूक शत्रूवर न फुटतां धन्याच्या तोंडावर फुटते. म्हणून जाणता मनुष्य भरलेल्या पुंगळ्यांची रांग उजेडांत धरून एकेकींत डोकावून पाहतो, आणि त्या वेळीं कोणाशीं बोलत नाहीं.

आपल्याकडे याच काळांत काय घडत होतें ? १८६९ सालीं पुण्याजवळ खडकी येथें सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकिर्दींत हत्यारांचा कायदा झाला. एतद्देशीयांस परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरला आणि युरोपियनांस सूट मिळाली. पुढच्याच वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांनीं उठाव केला, तेव्हां त्यांच्या साथीदारांपाशीं सरकारी फौजेच्या तोडीचें हत्यार नव्हतें. एकीकडे इंग्रज अंमलदार आपल्या बंगल्याच्या ओसरीवर, मेजाच्या कडेला चाप आवळून, बाराबोरचीं पुठ्ठ्याचीं काडतुसें हौसेनें भरीत असे ; दुसरीकडे ज्या रयतेचे आजे शिंग आणि साचा बाळगीत, तिला ती विद्याच परकी झाली. काँग्रेसनें आरंभींच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते केवळ बंदुकीसाठीं नव्हते. आपल्यावर विश्वास नाहीं हें कायद्यानें लिहून ठेवलें, याचें तें दुःख होतें.

स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा कायदा झाला आणि १९६२ पासून अमलांत आला. युरोपियनांची सूट इतिहासजमा झाली, परंतु दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो हा नियम राहिला. खडकीचा कारखाना आजहि चालू आहे. कोल्हापूरकडचे स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें कांस्यपदक मिळविलें, त्या स्पर्धेंतील पॉइंट टू टूच्या काडतुसांत स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठांतच भरलेलें असतें. तें काडतूस मेजावर पुन्हां भरतांच येत नाहीं. नेमबाज अचूकपणाचा धनी खरा, पण माप कारखान्याचें.

घरोघर दारूचें मेज असावें, असें मी म्हणत नाहीं. दाट वस्तीच्या आपल्या देशांत एका घरची चूक शेजारच्या घरालाहि भोंवते, आणि कायद्याचें बंधन मला योग्य वाटतें. परंतु कायदा कोणी, कोणासाठीं केला, यावरून एकच बंधन अपमान ठरतें किंवा शिस्त ठरते, हें १८७८ आणि १९५९ हीं दोन सालें शेजारीं ठेवलीं म्हणजे कळतें. मापाची विद्या मात्र कोणाचीच मक्तेदारी नसावी. हिवरे बाजारांत माप एकट्याच्या घरांत नाहीं आणि कुलपांतहि नाहीं. तें भर सभेंत, सर्वांच्या देखत होतें. जो मोजतो त्यानें जबाब द्यावा, आणि ज्याला जबाब मागावयाचा त्याला मोजतां यावें, एवढी गोष्ट त्या लहानशा मेजाच्या इतिहासांतून आपण घेतली तरी पुष्कळ झालें.