उसण, पाट आणि 'ची'

मराठी माणसाचे दुखणे बहुधा पाण्याच्या भाषेत बोलते. पाठीत उसण भरते, खांदा भरून येतो, नाक चोंदते, छातीत कफ साचतो, लघवी तुंबते. आणि बरे वाटू लागले की घसा, पोट, अंग व शेवटी मनही 'मोकळे' होते. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते. या वाटेवर वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देण्याची सेवा ठिकठिकाणी चालते. पाय चोळून घेतलेला वारकरी 'रक्ताभिसरण सुधारले' असे म्हणत नाही. 'पाय मोकळे झाले' म्हणतो.

चिनी वैद्यकाचा सारा डोलारा या 'मोकळे'पणावरच उभा आहे. चिनी भाषेत 'थुंग' म्हणजे मोकळे, वाहते. आणि 'थुंग' म्हणजेच दुखणे. फरक केवळ सुराचा. जिथे वाहते तिथे दुखत नाही आणि दुखते तिथे वाहत नाही, अशा अर्थाची तेथील वैद्यांची जुनी म्हण या श्लेषावर बेतलेली आहे. एक प्राचीन वैद्यक एका कोटीवर तोलले गेले आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला तरी सुखावणारी वाटावी.

वाहते काय, तर 'ची'. मूळ उच्चार 'छी'कडे झुकणारा आहे. मराठी लेखकांनी 'ची' का पसंत केले हे सांगायला नको. ती देहातल्या बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांच्या आसपास आकाराला आलेल्या 'ह्वांगदी नैजिंग' या ग्रंथाच्या 'लिंगशू' या भागात तर या बारा वाहिन्यांची बारा नद्यांशी जोडी लावणारा स्वतंत्र अध्यायच आहे. सुया टोचण्याच्या बिंदूंची नावेही तशीच. बोटांच्या टोकांशी 'विहीर', मग 'झरा', 'ओढा', 'नदी' आणि कोपरा-गुडघ्यापाशी 'समुद्र'. तळपायावरच्या एका बिंदूचे नाव 'उसळता झरा' असे आहे. पालखीतल्या तेलाच्या हातांना तो नावाशिवाय सापडलेला असतो.

ही कल्पना चिनी डोक्यात कुठून आली असावी? दंतकथा सांगते की गुन नावाच्या अधिकाऱ्याने महापूर बांध घालून अडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्याचा मुलगा यू याने चर खणून पाणी वाहते केले आणि तो राजा झाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिचुआनमध्ये दूज्यांगयानची पाटबंधारे व्यवस्था उभी राहिली, ती आजही चालते. ज्या राज्याचे पोट कालव्यांवर अवलंबून, त्याच्या वैद्याला देहात कालवे दिसले तर नवल नाही.

माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने इकडे येते. टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, तेव्हा दोष त्याच्या रानात नसतो. वर कुठे तरी मोरी तुंबलेली असते, किंवा कोणी रात्री दारे मोडून पाणी आपल्या रानात घेतलेले असते. डोके दुखत असता पायात सुई टोचणारा चिनी वैद्य वेडगळ वाटतो खरा, पण तो पाटकऱ्याचाच न्याय लावत असतो. टेलला भांडून उपयोग नाही, वर जाऊन पाहावे.

आपल्याकडचा पुरावा तर याहून ठसठशीत आहे. सुश्रुताने शारीरस्थानात सातशे सिरा मोजल्या आणि बागेला पाटांनी व शेताला कालव्यांनी पाणी मिळावे तसे त्या देहाला पोसतात, असे म्हटले. चरकाने विमानस्थानात तेरा प्रकारच्या स्रोतसांचा विचार केला. स्रोतस बिघडले, अडले की रोग. यावरून कोणी कोणाचे उचलले हा आवडता वाद सुरू करण्याचे कारण नाही. दोन्हीकडे शेते होती, पाट होते आणि पाण्यावरून भांडणे होती, एवढे पुरेसे आहे.

खरी पंचाईत भाषांतरकाराची. 'ची'च्या जुन्या चिनी अक्षरात वर वाफ आणि खाली तांदूळ आहे. म्हणजे शिजत्या भाताची वाफच म्हणा ना! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलिए द मोराँ या फ्रेंच गृहस्थांनी तिला 'एनर्जी' केले आणि भाताचे पातेले एकदम वीजघरात जाऊन पडले. मराठीत 'प्राण' म्हणावे तर उपनिषदे मागून येतात, 'वात' म्हणावे तर पित्त आणि कफ हक्क सांगतात, 'ऊर्जा' म्हणावे तर भारनियमन आठवते. माझे मत 'वाफे'च्या बाजूने आहे. तिला निदान भुकेचा वास आहे.

सोलापूर जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो थट्टेचा नाही. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते शल्यचिकित्सक होते. युद्धभूमीवर त्यांना भेटणारा प्रवाह रक्ताचा होता, आणि तो थांबवणे हे त्यांचे काम होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथेच वारले. येनानच्या शांतता रुग्णालयात सुयांच्या उपचाराचा विभाग उघडला तो १९४५मध्ये. पुढे त्याच पथकातले डॉक्टर विजयकुमार बसू चीनमध्ये ही विद्या शिकून कोलकात्याला परतले आणि ती भारतात रुजवली. आज लुधियान्यात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे. ज्याने चाकू चालवला त्याची आठवण सुईने जपली आहे. कृतज्ञता म्हणून हे सुंदर आहे. इतिहास म्हणून मात्र चाकू विसरला जाऊ नये.

कारण सुईचा हिशेब अजून मिटलेला नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला, भलतीकडे वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुईने बरे वाटते, पण ती कोणत्या नदीत टोचली याला फारसे महत्त्व दिसत नाही. नीरेच्या कालव्याचे पाणी क्युसेकमध्ये मोजता येते. 'ची' मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. बारा नद्यांचा तो नकाशा बहुधा देहाचा नसून देशाचा असावा. तोवर उसण भरली की आपण पाठ चोळून घेणार, आणि 'मोकळे वाटले' असेच म्हणणार.