४३ सेकंद तुटले, २४ तास गेले: राइट नक्की कुठे करायचं?

आज एक साधा प्रश्न आणि त्याचा चाळीस वर्षांचा इतिहास. एकाच डेटाच्या तीन प्रती तीन सर्व्हरवर आहेत. तुम्ही ॲपमध्ये काहीतरी सेव्ह केलं, तर ते कुठल्या प्रतीत लिहायचं? आणि लगेच कुणी वाचायला आलं, तर त्याला कुठे पाठवायचं?

१९७९ मध्ये डेव्हिड गिफर्ड यांनी याचं उत्तर मतदानात शोधलं. प्रत्येक प्रतीला मत द्यायचं. लिहिताना लागणारी मतं आणि वाचताना लागणारी मतं, यांची बेरीज एकूण मतांपेक्षा जास्त ठेवायची. म्हणजे तीनपैकी दोन प्रतींत लिहिलं आणि कुठल्याही दोन प्रती वाचल्या, तर एक तरी ताजी प्रत हाताला लागतेच.

२००७ मध्ये ॲमेझॉनने डायनॅमो या त्यांच्या सिस्टीमवर पेपर काढला. त्यांना काळजी होती शॉपिंग कार्टची. गिऱ्हाईक वस्तू टाकतंय आणि आपण नाही म्हणतोय, हे त्यांना नको होतं. नेहमीचा सर्व्हर बंद असेल तर दुसऱ्यावर लिहा, मेळ नंतर घालू! याची किंमत अशी की कार्टमधून काढलेली वस्तू कधीतरी परत उगवते. कार्टपुरतं हे चालून जातं.

गिटहबला मात्र असं चालणार नव्हतं. त्यांच्याकडे मायएसक्यूएल होतं. सगळे राइट एका प्रायमरीकडे जायचे आणि बरेचसे रीड रेप्लिकांकडे. २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्कचं एक उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. प्रायमरी निवडणाऱ्या सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे मतं मोजली आणि पश्चिम किनाऱ्यावर नवी प्रायमरी नेमली.

पण पूर्वेकडचे शेवटच्या काही सेकंदांचे राइट पश्चिमेला पोचलेच नव्हते. आणि टीमच्या हे लक्षात येईपर्यंत पश्चिमेकडे जवळपास ४० मिनिटांचे नवे राइट जमले होते. दोन्हीकडचा डेटा खरा, पण एकमेकांत न बसणारा.

गोम इथेच आहे, बघा. प्रायमरी कोण हे मतदानाने ठरलं, पण प्रत्येक राइटवर मतदान झालंच नव्हतं. प्रायमरीने लिहिलं, लगेच ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर कॉपी मागाहून जात राहिली. वेग मिळतो तो असा.

गिटहबने साइट रखडली तरी चालेल, पण डेटा जपायचा, असं ठरवलं. वेबहुक थांबवले, बॅकअपमधून डेटा परत आणला, काही वेळ लोकांना जुनी माहिती दिसत राहिली. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. राहिलेले थोडे राइट त्यानंतरही माणसांनी बसून जुळवले.

तेव्हा उद्या डेटाबेस निवडताना त्याला एवढंच विचारा: बाबा रे, ‘सेव्ह झालं’ म्हणण्याआधी तू किती प्रतींना विचारतोस? आणि तुमच्या ॲपमध्ये कार्ट आहे की पैसे, हे आधी ठरवा.

भेटूया पुढच्या भागात!