वाटणीतून निघालेली शिफ्ट

कारखान्यातल्या ‘शिफ्ट’चे मूळ अँग्लो-सॅक्सनांच्या भाषेत आहे. पाचव्या शतकापासून जटलंड आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल्स, सॅक्सन व ज्यूट टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलींतून जुनी इंग्रजी घडली. तिच्यातले ‘शिफ्तान’ हे क्रियापद वाटून देणे, नेमून देणे या अर्थाचे होते.

इंग्लंडचा राजा क्नूट (1016–1035) याच्या कायद्यात ते वारसाच्या कलमातच भेटते. मृत्युपत्र न करता कोणी मेला, तर त्याची मालमत्ता बायको, मुले आणि जवळचे नातलग यांच्यात न्यायाने वाटावी, असे ते कलम सांगते. क्नूट डेन होता. तरी कायद्याचा मसुदा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने जुन्या इंग्रजीत केला. लॅटिनचा दबदबा असलेल्या युरोपात कायदा लोकभाषेत लिहिणे ही अँग्लो-सॅक्सनांची मोठी कामगिरी मानली पाहिजे.

1066 नंतर नॉर्मन सत्तेबरोबर दरबारात फ्रेंच आली. हातकामाचे शब्द मात्र हलले नाहीत. टूल, हॅमर, हेल्पर यांची मुळे जुन्या इंग्रजीतच सापडतात. शिफ्टचा अर्थ तेवढा पुढे सरकला. वाटणीवरून तो बदलावर आला, मग बदलायच्या कपड्यांवर, नंतर एकाच्या जागी दुसऱ्याने येण्यावर. कोळशाच्या खाणीत मजुरांच्या तुकड्या आळीपाळीने उतरत, आणि तिथे या शब्दाला आजचा अर्थ मिळाला. जर्मन खाणकामगारांचा ‘शिख्त’ हा त्याच कुळातला शब्द. त्याचाही अर्थ कामाची पाळी.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणगावात याच अर्थाने ‘पाळी’ रुळली : पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या महाळुंगे इंगळे परिसरात औद्योगिक वसाहत झाली, 1999 मध्ये बजाज ऑटोचा चाकण कारखाना सुरू झाला, तोवर बोलण्यात शिफ्ट पुढे गेली होती. इथे शिफ्ट ‘लागते’, ‘सुटते’, आणि पाळीसारखीच ती स्त्रीलिंगी आहे. रात्रपाळीला आता ‘नाइट’ म्हणतात, दिवसाच्या ठरावीक वेळेला ‘जनरल’. बदलाचा जुना अर्थही गेलेला नाही; भाड्याची खोली सोडून दुसरीकडे जाणारा कामगार ‘रूम शिफ्ट केली’ असेच सांगतो.