धारगळकरांची मुंबई

चार दिवस मुंबई पाहून आलेला पाहुणा राजाबाई टॉवर, राणीचा बाग आणि गेटवे यांची नावे घेतो. पोटापाण्यासाठी तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांच्या आवडीची ठिकाणे निराळी असतात. धारगळ, मालपे, पेडणे या बाजूच्या माणसांची ती कोणती, हे आज सांगावयाचे आहे.

हा मुलूख १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेला. राजधानी पणजी झाली खरी. परंतु मराठी नाटक, वर्तमानपत्र आणि मोकळी सभा यांची ओढ मुंबईकडे नेई. वेंगुर्ल्याला आगबोट धरावी, भाऊच्या धक्क्यावर उतरावे आणि गिरगावची वाट धरावी. तेथे ट्रॅम होती, मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट तेथेच झळकला. मुंबईतल्या गोमंतकीयांनी १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली. ‘मत्स्यगंधा’ नाटक १९६४ मध्ये रंगभूमीवर आणले ते याच संस्थेने.

परंतु मला विचाराल, तर यादीत पहिला मान भेंडीबाजाराचा. ग्वाल्हेर, जयपूर, किराणा अशी घराण्यांची नावे संस्थानांवरून वा गावांवरून पडली. बाजारपेठेच्या नावाने ओळखले जाणारे घराणे हे एकच असावे! मुरादाबादेकडून आलेले छज्जू खाँ, नाझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू या वस्तीत राहिले, म्हणून हे नाव. नाझीर खाँसाहेबांपाशी शिकल्या त्या आपल्या मालप्याच्या अंजनीबाई. जन्म १८८३ चा. सोळाव्या वर्षी, १८९९ मध्ये, मुंबईत त्यांची पहिली जाहीर मैफल झाली. १९२३ साली, चाळिशीतच, त्यांनी मैफली सोडल्या आणि पुढे विद्यादान केले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनाही त्यांची तालीम लाभली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७४ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. आडनावात गाव आणि गळ्यात भेंडीबाजार, अशी ती बाई होती.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सीमा बंद झाली, गोव्याची आगबोटही थांबली. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्याला आईबापांच्या आजारपणातही घर गाठणे दुरापास्त झाले. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत मुंबई ही हौसेची वस्ती राहिली नव्हती. परतीची वाट तुटलेल्यांचे ते बिऱ्हाड होते.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्रॅम धावली. पुढे मॅजेस्टिकही पाडले गेले, कोकणच्या आगबोटी बंद पडल्या. भेंडीबाजारातल्या जुन्या इमारती उतरवून तेथे मनोरे उभे राहत आहेत. मोपा येथून जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली. धारगळचा माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला मुंबईत पोहोचतो. त्याला घाई असते, हे मान्य. पण रस्त्याने पत्रादेवीकडे जाणाऱ्याला मात्र महामार्गावर मालपे लागते.