एकर लेनवरचे तिघे

रॉक म्हटले की आमच्या पिढीच्या मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. मीही त्यातलाच, माझे कान बाबूजी आणि वसंतरावांपलीकडे फारसे गेले नाहीत. तरीही दक्षिण लंडनमधल्या 'दिस हीट' या तिघांच्या बँडची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

१९७६ साली चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलेन आणि गॅरेथ विल्यम्स एकत्र आले. हेवर्ड कसलेला ड्रमवादक, बुलेन गिटारवादक. गॅरेथला मात्र रूढ अर्थाने कोणतेच वाद्य येत नव्हते! आपल्याकडे त्याला कोणी तानपुऱ्यावरही बसवले नसते. इथे तो बरोबरीचा भागीदार होता. हाताला वळण नव्हते, म्हणून ठरीव वळणेही नव्हती.

ब्रिक्स्टनच्या एकर लेनवर, एका बंद पडलेल्या कारखान्यातली मांस थंड ठेवण्याची खोली त्यांनी घेतली. नावही 'कोल्ड स्टोरेज'च ठेवले. तिथे तासन् तास वाजवायचे, टेप करायचे, मग फिती कापायच्या आणि जोडायच्या. साध्या कॅसेटवरची खरखर आणि स्टुडिओतला स्वच्छ आवाज ते शेजारी शेजारी बसवीत. १९७७ मध्ये जॉन पील यांनी त्यांना बी.बी.सी. रेडिओवर आणले. १९७९ मध्ये पहिली तबकडी निघाली. तिच्यातल्या '२४ ट्रॅक लूप' या तुकड्यात ड्रमच्या ध्वनिफितीचे एक वेटोळे फिरत राहते. नव्वदीतल्या तरुणांच्या 'जंगल' संगीताची चाहूल त्यात लागते, असे जाणकार म्हणतात.

१९८१ च्या 'डिसीट' या दुसऱ्या तबकडीवर अणुयुद्धाची छाया आहे. ती भीती मला समजावून सांगायला नको. १९८० मध्ये सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका काढली होती: बाँब पडलाच तर घरातली दारे काढून भिंतीला तिरकी टेकवा आणि आडोशाला बसा! एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टनला दंगल पेटली. आमची मुलगी दोन वर्षांची होती. एका रात्री भांडी विसळता विसळता सौ. म्हणाली, "अहो, आपण परत जाऊ या का?" मला उत्तर सुचले नाही. माझी बस रोज एकर लेनवरून जायची. आमच्या मनातली धास्ती तिथेच कोणीतरी सुरात बांधत होते, याचा मला पत्ताही नव्हता.

आम्ही इथेच राहिलो. गेला तो गॅरेथ, आणि तोही केरळात, कथकली शिकायला! त्याच्या जागी दुसरे वादक घेऊन उरलेल्या दोघांनी एक दौरा केला आणि १९८२ मध्ये बँड संपला.

लेकीला देश कळावा म्हणून मी १९९४ साली 'रफ गाइड टू इंडिया' घेतले होते. गॅरेथ २००१ मध्ये कर्करोगाने वारला. पुढे २०१६ मध्ये हेवर्ड आणि बुलेन पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा लेक मैफलीला गेली. घरी येऊन तिने कपाटातले ते जुने पुस्तक काढले आणि लेखकांच्या नावांवर बोट ठेवले: गॅरेथ जॉन विल्यम्स. आमच्या मुलीला आमचा देश दाखवणाऱ्यांत तोही होता.

हेवर्ड-बुलेन यांनी जुने नाव मात्र लावले नाही. तिसरा नाही, तर ते नावही नाही. नव्या संचाला त्यांनी म्हटले, 'दिस इज नॉट दिस हीट'.