कोसला : निवेदनशैली

भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८) यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. मराठीत तरुणाच्या तोंडून आलेल्या उपरोधिक निवेदनाचा हा ठळक नमुना. (नावातला कोसला म्हणजे रेशीमकिड्याचा कोश.)

पंचविशीत आपली गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात नको ते कारभार अंगावर घेतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. कथानक एवढेच. कादंबरी तोलून धरली आहे ती त्याच्या सांगण्याने.

‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या शब्दांचा वापर सर्वांत चर्चिला गेला. यादीच्या शेवटी यायचा ‘वगैरे’ इथे एखाद्याच भारदस्त शब्दामागे लागतो. कर्तव्य, संस्कृती, प्रेम यांच्यामागे तो आला की शब्दाचा रुबाब उतरतो. वक्त्याने टाळीसाठी थांबावे आणि कुणी वाजवूच नये, तसे होते. ‘उदाहरणार्थ’चे काम उलटे: मोठ्या सिद्धान्ताची तयारी झाल्यासारखी वाटते आणि पुढे अगदी फुटकळ तपशील येतो. फडके-खांडेकरांच्या घोटीव, अलंकारिक गद्यावर वाढलेल्या वाचकाला हे चेष्टेसारखे वाटले असल्यास नवल नाही. चेष्टा होतीच. मात्र सांगवीकर तीतून स्वतःलाही वगळत नाही. म्हणून उपरोधाला शिष्टपणाचा वास येत नाही.

एका वर्षाचा मजकूर रोजनिशीच्या त्रोटक नोंदींत येतो. इतिहाससंशोधकांच्या गंभीर भाषेचे विडंबनही आहे. आखूड, बोलती वाक्ये पाहता लीळाचरित्राच्या महानुभाव गद्याची आठवण होते. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) तुलना नेहमीची आहे, पण सांगवीकराच्या पाठीशी शेती, वाडा आणि बाप आहे, आणि त्याचे भांडण मुख्यतः त्या बापाशी आहे.

धाकटी बहीण मनू देवीच्या रोगाने जाते तेव्हा याच कोरड्या, हिशेबी सुराला दुःख पेलावे लागते. आधी टवाळीला वापरलेली वाक्यरचना इथे आक्रोश अडवून धरते. कादंबरीतला हा सर्वोत्तम भाग.

‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) या पुढच्या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील नायक झाला, आणि नेमाड्यांनी प्रथमपुरुषी निवेदन सोडले. अनुकरण करणाऱ्यांनी बहुधा ‘वगैरे’ तेवढा उचलला. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा (२००४) निवेदक नववीतला, म्हणजे वयाने अधिक लहान, तिथला विनोद मिस्कील आहे, बोचरा नाही.

मनूच्या मृत्यूचा भाग सुटा उतारा म्हणून वाचू नये. आधीची टवाळी वाचलेली नसेल, तर त्या कोरडेपणाची किंमत कळत नाही.